वळणावर सात

१

नोकरीत असताना हजेरीपुस्तक माझ्याकडे होतं. एकतीस वर्षं. त्यातल्या शेवटच्या दहा वर्षांत मान वर करून माणूस बघायची गरजच उरली नव्हती. व्हरांड्यातल्या पावलांवरून कळायचं. टाच घासत येतात ते लेखापाल, दारापर्यंत पळत येऊन मग रुबाबात चालतात ते साहेब, आणि ज्यांची पावलं वाजतच नाहीत ते उशिरा आलेले. मी खाली मान घालून खुणा करायचो आणि एकही खूण कधी चुकली नाही. निरोप समारंभात या गुणाचा दोनदा उल्लेख झाला. दुसरं काही सापडलं नसावं.

घरात मग दोनच माणसं उरली, मी आणि मुलगी. तिची आई त्याआधीच गेली होती. मुलगी राफ्टवर गाईड होती. म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीत सहा माणसं बसवून त्यांना खवळलेल्या नदीतून खाली आणायची. मुलीच्या जातीला हा कसला उद्योग, असं सगळ्या नातेवाइकांनी विचारून झालं होतं. मीही एकदा विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एकतीस वर्षं एका खुर्चीत बसलात, तेव्हा मी काही बोलले का?" विषय तिथेच संपला.

पुढे तिनंच मॅनेजरला सांगून मला नदीवर काम मिळवून दिलं. "घरी बसून ते स्वयंपाकघरातले डबे मोजतात," असं तिनं त्याला सांगितलं म्हणे. साफ खोटं. मी फक्त झाकणं मोजायचो.

काम असं होतं. नदीच्या प्रवासाच्या साधारण मध्यावर एक वळण आहे आणि त्या वळणाच्या वर, कड्याला चिकटवल्यासारखी एक खोली. रस्त्यावरून एकशे बारा पायऱ्या उतरून जायचं. आत टेबल, खुर्ची, तारेचा फोन, चहाची शेगडी आणि पाण्याकडे उघडणारी रुंद खिडकी. मोबाईल त्या घळीत चालत नाही. होडी वळणावर आली की माणसं मोजायची, वहीत वेळ आणि आकडा लिहायचा, आणि खाली जिथे होडी रेतीला लागते तिथे फोन करून सांगायचं, सात आले. सहा वल्हवणारे, आणि मागच्या टोकावर माझी मुलगी. होडी जेमतेम पंधरा सेकंद दिसते, मग पलीकडच्या कड्याआड जाते.

या आकड्याला महत्त्व होतं. वळणाच्या वरचा टप्पा पाच किलोमीटरचा, खालचाही तेवढाच. दोन्हीकडे सरळ कडे. काठ म्हणावा असा काठ नाही. कुणी होडीतून पडलं तर दोर घेऊन उतरणारी माणसं एकाच तुकडीची होती, आणि ती एका वेळी एकाच टप्प्यात उतरू शकत होती. कुठल्या टप्प्यात, ते माझी वही सांगणार.

२

ही नदी हौशी लोकांसाठी नव्हती. दुसरीकडे आठ-दहा वर्षं वल्ही मारून हाताला घट्टे पडलेली माणसं इथे यायची. नदीत जिथे उतार आणि खडक एकत्र येतात आणि पाणी फेसाळत कोसळतं, त्याला ही मंडळी खळाळ म्हणतात. वरच्या टप्प्यात असे सात खळाळ होते. एकालाही नाव नव्हतं, फक्त क्रमांक. मला हे फार आवडलं होतं.

कधीकधी सकाळी मी त्यांच्याच गाडीतून जायचो आणि निघण्यापूर्वीचं तिचं भाषण ऐकायचो. लहानपणी शाळेत भाषण करताना तिला घाम फुटायचा. इथे ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"मी मागे बसणार. तुम्हाला मी दिसणार नाही, फक्त ऐकू येणार. पुढे म्हटलं की पुढे वल्हवायचं, मागे म्हटलं की उलटं, थांबा म्हटलं की वल्ही पाण्याबाहेर, आणि आत म्हटलं की होडीच्या तळाशी बसायचं. काहीही झालं तरी मागे वळून माझ्याकडे बघायचं नाही. वळलात की वल्ह्याचा एक फटका चुकतो. इथे एकच पुरतो."

दातांचे एक डॉक्टर दर हंगामात यायचे, कधीकधी आठवडाभर मुक्काम ठोकून. ते म्हणाले, "आमच्या घरी हीच पद्धत आहे. हुकूम मागून येतो, वळून बघायची कुणाची छाती नाही."

"थांबा, वहिनींना कळवते," त्यांच्या गटातल्या वकीलबाई म्हणाल्या.

"कळवा. मी इथेच राहीन मग, काकांच्या खोलीवर."

"माझ्याकडे एकच खुर्ची आहे," मी म्हणालो.

सगळे हसले, हेल्मेटचे पट्टे आवळले आणि निघाले. आज्ञा पाळणारी इतकी शहाणी, शिकलेली माणसं मी सरकारी नोकरीतही पाहिली नव्हती.

३

सुरुवात कधी झाली ते मला सांगता येणार नाही. मला कळलं ते एका दुपारी. होडी रेतीला लावून, कपडे बदलून ती माझ्या खोलीवर आली होती. त्या खोलीत नदीचा आवाज इतका असतो की चहाच्या भांड्यावरचं झाकण थडथडताना दिसतं, पण ऐकू येत नाही. बोलायचं तर डोकी जवळ आणावी लागतात.

"बाबा, काल तिसऱ्या खळाळात मी बोललेच नाही."

"का?"

"शिंक आली. ऐन 'पुढे' म्हणायच्या वेळी. आणि तरी सहाही जणांनी बरोबर वल्ही मारली."

"मुरलेली माणसं आहेत. आमचे साहेब महिनाभर रजेवर गेले तरी कचेरी चालायची. उलट जरा बरी चालायची."

"तसं नाही. खाली उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यात काय नेमक्या वेळी 'पुढे' म्हणालात."

"त्यांना भास झाला असेल."

"सहाही जणांना?" तिनं कप दोन्ही हातांत धरला. "म्हणून आज मी मुद्दाम गप्प बसले. तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यातसुद्धा."

"अगं, लोकांचे जीव..."

"सगळं बरोबर झालं. 'थांबा'च्या जागी थांबले, 'आत'च्या जागी आत बसले. मी नुसती बसून होते." ती जराशी हसली. "इतकी वर्षं झाली, मी कधी ती नदी बघितलीच नव्हती, बाबा. काय सुंदर आहे."

मी म्हणालो, "चला, म्हणजे आता तूही सरकारी नोकर झालीस."

त्या वाक्यावर आम्ही दोघंही बराच वेळ हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. ते निदान आमचं होतं.

४

पुढच्या आठवड्यात एक दिवस होड्या बंद होत्या. वरच्या धरणातून पाणी कमी सोडलं होतं. करमत नाही म्हणून मी वही आखायला खोलीवर गेलो, आणि दुपारी ती डबा घेऊन आली. जेवण झाल्यावर खिडकीच्या कट्ट्यावर बसून ती बिस्किटं खात होती. मी रकाने आखत होतो.

"पुढे. पुढे. थांबा."

मी वहीत वेळ लिहिली. सवय. मग लक्षात आलं की आज होडी नाही. मान वर केली तर ती समोरच, तोंडात बिस्कीट.

"आत," तिचा आवाज घळीतून म्हणाला. वरच्या बाजूनं आला. ओरडल्यासारखा नाही. नदीच्या त्या सगळ्या गदारोळातून, कुणी टेबलापलीकडे बसून बोलावं तसा.

तिचे ओठ मिटलेले होते. ती चावायची थांबली होती.

"ऐकलंस?" मी विचारलं.

तिनं घोटभर पाणी पिऊन घास उतरवला. "कुठून आला?"

"वरून. पाचव्या-सहाव्याच्या आसपास."

"अजून वरच आहे तर," ती म्हणाली.

"काय वर आहे?"

ती उठली आणि डबा धुवायला लागली. दोन वेळा धुतला.

वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्यात मी 'निरंक' लिहिलं. एकतीस वर्षांत त्या रकान्यात दुसरं काही लिहिलेलं वाचायला कुणी आलं नव्हतं.

मी अगदीच भोळा माणूस नाही. चार पुस्तकं वाचलेली आहेत. घळीत आवाज घुमतो, कड्यांमध्ये अडकतो, उशिरा बाहेर पडतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. आदल्या दिवशीचा आवाज दुसऱ्या दिवशी बाहेर पडतो असं मात्र कुठल्या पुस्तकात सापडेना. मग मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितलं, उजवा कान बराच गेलाय, डावाही त्याच वाटेवर आहे.

"तुम्हाला आवाज कमी ऐकू यायला हवेत," ते म्हणाले. "जास्त कसे येतील?"

मी त्यांना धन्यवाद दिले आणि बाहेर आलो.

तिच्याशी बोलायचं मी दोनदा ठरवलं. पहिल्यांदा ती झोपली होती. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "बाबा, त्यानं कधी एकही चूक केलेली नाही. मी केल्यात." हिशेब ज्याचा बरोबर, तो माणूस बरोबर, हे मीच तिला शिकवलं होतं.

५

त्या दिवशी सकाळी तिचा घसा पूर्ण बसला होता. आदल्या रात्री थोडा खवखवत होता. सकाळी कुजबुजसुद्धा फुटेना. गरम पाणी झालं, गुळण्या झाल्या. ती तोंड उघडायची आणि नुसती हवा यायची.

"आज जायचं नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं: 'शिटी आहे.'

नदीवर मॅनेजर घड्याळ बघत उभा होता. दुसऱ्या होडीचा गट ऐनवेळी आला नव्हता. नियमानं दोन होड्या बरोबर जायच्या, म्हणजे एकीतलं कुणी पडलं तर दुसरी उचलते. पण पाणी त्या दिवशी अगदी हवं तेवढं होतं, आणि हे सहाजण मुरलेले.

"एकच होडी सोडू," मॅनेजर म्हणाला. "आणि ताई शिटीवर चालवतील. एक फुंकर पुढे, दोन थांबा, तीन मागे, लांब फुंकर आत. जमेल ना?"

"शिटीवर तर आमच्या सोसायटीचा रखवालदारही चालतो," वकीलबाई म्हणाल्या. "आम्हाला जमेल."

डॉक्टरांनी तिला आ करायला लावून घसा बघितला. "माझं क्षेत्र दोन इंच अलीकडे संपतं," ते म्हणाले, "पण ही गोळी चघळा. तासाभरात घंटेसारखा वाजेल."

मी तिला बाजूला घेतलं. "पोरी, मी आजवर कधी अडवलं नाही. आज अडवतोय."

तिनं मान हलवली, माझ्या हातातली वही ओढून घेतली आणि उभ्या उभ्या लिहिलं: 'वरच्या टप्प्यात बोलावं लागत नाही.' मग माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि होडीकडे गेली.

तिला मी हाताला धरून बसवायला हवं होतं. सहा परक्या माणसांसमोर तमाशा नको, एवढ्यावर मी गप्प राहिलो.

६

वळणावर आलं की ती नेहमी एक आज्ञा द्यायची: "वर." मग सगळ्यांनी वल्ही आकाशाकडे करायची. माझ्या खिडकीला सलाम म्हणून. मला अवघडल्यासारखं व्हायचं आणि एखाद्या दिवशी ते राहिलं तर चुकल्यासारखं.

त्या दिवशी मी साडेनऊपासून खिडकीत उभा होतो. आज नीट मोजायचं, असं ठरवून उभा होतो. दहा वाजले. दहा वाजून दहा झाले. मी वही उघडी आहे ना बघायला टेबलाशी आलो.

"वर."

खणखणीत. खरखर नाही, खोकला नाही. सोळाव्या वर्षी मला हाक मारायची तसा. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की गोळी लागू पडली, घसा सुटला. हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत बसलो, पेन उचललं आणि खाली मान घालून लिहिलं: दहा बारा. होडी एक. माणसं सात.

मग मान वर केली.

होडी वळणाच्या पलीकडच्या टोकाला पोचली होती. सहा पाठी. सहा वल्ही वर. त्यांच्या मागे, तिच्या जागी, पाण्याचा फवारा उडालेला होता. तो खाली बसला.

तिथे कुणी नव्हतं.

कडेचा फुगलेला रबर मात्र तिथे दबलेला होता. माणूस बसल्यावर दबतो तसा, आणि त्या खळग्यात पाणी साचलेलं. मी बघत असताना तो खळगा उजवीकडून डावीकडे सरकला. होडी वळवताना ती वजन टाकायची, तसाच. होडी वळली.

"पुढे," तिथून तिचा आवाज म्हणाला. सहा वल्ही एकदम खाली आली, आणि कडा आड आला.

फोन माझ्या हातात होता. तो मी केव्हा उचलला ते आठवत नाही.

"बोला काका," मॅनेजर म्हणाला.

मी वहीकडे बघितलं. शाई अजून ओली होती.

"सात," मी म्हणालो.

७

का म्हणालो, याचं उत्तर मी रोज नव्यानं तयार करतो आणि रोज ते नापास होतं. डोळे म्हातारे आहेत, हे एक. फवाऱ्याआड ती झाकली गेली असेल, हे दुसरं. आणि डोळे खरे धरले तर बोललं कोण, हे तिसरं. त्याला मी हात लावत नाही. आकडा लिहून झाला होता. माझ्या वहीत कधी खाडाखोड झालेली नव्हती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मॅनेजरचा श्वास लागला होता.

"काका, वळणावर ती होती ना?"

"काय झालं?"

"ती होडीत नाही. वळणावर होती का नव्हती, एवढंच सांगा."

मला दुसऱ्यांदा संधी मिळाली होती. फार कमी कारकुनांना मिळते.

"वहीत सात आहे," मी म्हणालो.

"मग खालच्याच टप्प्यात पडली," तो कुणालातरी ओरडून म्हणाला, आणि फोन ठेवला. दोरवाली माणसं खालच्या टप्प्यात उतरली.

एक वाजेपर्यंत मी ते सहन केलं. मग फोन लावला. "माझं ऐक. मी मोजलं नव्हतं. वर शोधा. ती वळणापर्यंत आलीच नसेल."

"काका, तुम्ही शांत बसा. पाणी प्या." त्याच्या आवाजात आशा होती. "ती खालीच आहे. आमच्या लोकांना तिचा आवाज येतोय. पुढे या, पुढे या म्हणतेय. एवढ्यात सापडेल."

"तिचा घसा बसलाय," मी म्हणालो. "तिला आवाज नाहीये."

फोन बंद झाला होता.

उजेड होता तोवर ते जात राहिले. प्रत्येक वेळी आवाज पुढच्या वळणापाशी. रेती मागे पडली, तरी ते आणखी नऊ किलोमीटर खाली गेले. मी खोलीत बसून होतो. मलाही येत होता, खालच्या बाजूनं, दुपारभर. लहान होत गेलेला.

८

ती दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. आवाज थांबल्यावर दोरवाल्यांपैकी एकाच्या मनात आलं, एकदा वरही बघून यावं.

सातव्या खळाळाच्या थोडं अलीकडे कड्याला एक फळी बाहेर आल्यासारखा खडक आहे. एखाद्या टेबलाएवढा. पाण्याच्या दोन हात वर. ती पोहत तिथवर आली होती, वर चढली होती आणि कड्याला पाठ लावून बसली होती. एक पाय मोडला होता, दुसरं काही नाही. थंडीनं गेली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, संध्याकाळपर्यंत जिवंत असावी.

शिटी तिच्या दातांत होती. इतकी घट्ट की कुणाला काढता येईना. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी ती सोडवली. ते काम करताना ते रडत होते, आणि हात मात्र एकदाही हलला नाही.

तो खडक माझ्या खिडकीपासून सातशे मीटरवर आहे. मधे नदीला एक बाक आहे, म्हणून दिसत नाही. त्या नदीत शिटी सातशे मीटर ऐकू जात नाही. मला ऐकू आली नाही. मी तिचा आवाज ऐकत होतो.

९

चौकशी मॅनेजरच्या कार्यालयात झाली. भिंतीवर हसऱ्या लोकांचे, होड्यांचे फोटो होते. ते कुणीतरी उलटे करून ठेवले होते. चौकशीचे अधिकारी सभ्य गृहस्थ होते. अडचण त्यांची होती. सहा सुशिक्षित साक्षीदार सांगत होते की गाईड शेवटपर्यंत होडीत होती, रेतीला लागेपर्यंत आज्ञा देत होती. माझी वही सांगत होती की वळणावर सात होते. आणि ती सापडली वळणाच्या वर.

त्यांनी मार्ग काढला. अहवालात आलं ते असं: गाईड खालच्या टप्प्यात होडीतून पडली असावी, व त्यानंतर मदतीसाठी कड्याच्या कडेनं वरच्या दिशेला चालत गेली असावी.

"तिथे चालायला काठ नाही," मी म्हणालो. "आणि पाय मोडलेला होता."

"जिवावर बेतलं की माणूस काहीही करतो, काका."

"साहेब, मी मोजलं नाही. मी आवाज ऐकला आणि लिहिलं. नंतर बघितलं तेव्हा सहा होते."

त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या मनाची अवस्था मी समजू शकतो. पण कागद काय म्हणतो? सात. तुम्हीच लिहिलंय, वेळेसकट. उगाच स्वतःला दोष देऊ नका."

आयुष्यभर मी लोकांना हेच सांगत आलो होतो, की तुम्ही काय म्हणता ते राहू द्या, वही काय म्हणते ते बघा. माझी बाजू ऐकून घेणारा एकही माणूस मीच शिल्लक ठेवला नव्हता.

बाहेर बाकावर दातांचे डॉक्टर बसले होते. दाढी वाढलेली. मी शेजारी बसलो.

"रेतीला लागल्यावर काय झालं?" मी विचारलं. "ते तुम्ही आत सांगितलं नाहीत."

"विचारलं नाही कुणी."

"मी विचारतोय."

"होडी लागली. आम्हाला वाटलं, आता उतरा म्हणतील. तर म्हणाल्या, मागे बघू नका."

"मग?"

"मग नाही बघितलं."

"किती वेळ?"

"मॅनेजर चालत आले तोवर. वीसेक मिनिटं असतील. वल्ही मांडीवर घेऊन बसलो होतो सहाजण. समोर रेती, पलीकडे आमच्या गाड्या."

"वीस मिनिटं? डॉक्टर, तुम्ही शिकलेली माणसं."

"सारखं सांगत होत्या ना, काका. थोड्या थोड्या वेळानं. अगदी कानाशी येऊन." त्यांनी मान खाली घातली. "रागानं नाही. प्रेमानं सांगत होत्या."

आतून मला हाक आली. मी गेलो. अधिकाऱ्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. नोंद बरोबर असल्याची सही हवी होती. खोडून सहा करायचे, तर सातव्याबद्दल शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागणार होतं. मी सही केली. लपेटदार, नेहमीसारखी.

१०

नदीवरचा तो टप्पा आता बंद आहे. कार्यालयाला कुलूप आहे. खोलीची किल्ली परत मागायला कुणी आलं नाही, म्हणून मी जातो. जेवण झालं की एकशे बारा पायऱ्या उतरतो. शेगडी पेटवतो, चहा एकाच कपाचा ठेवतो. वही त्यांनी नेली. मी नवीन आणलेली नाही.

आवाज येतो.

तो काय आहे, हे मला माहीत नाही, आणि त्याबद्दल तर्क करत बसण्याचं माझं वय गेलं. तो ती नाही, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. ती शिटी दातांत धरून खडकावर बसली होती, तेव्हा तो खाली होडीत बसलेल्या सहा माणसांच्या कानांशी बोलत होता, दोरवाल्यांना दूर दूर नेत होता. त्याला काय हवं होतं? तिची जागा, की नुसते तिचे शब्द? त्याचा तिरस्कार करावा म्हणून मी पहिले काही दिवस प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण घरी तिचा आवाज उरलेला नाही. मोबाईलमधले तिचे जुने निरोप मी एकदा सगळे ऐकले. बाबा, उशीर होईल. बाबा, दूध घ्या. बाबा, नंतर बोलते. त्या सगळ्यांत ती घाईत आहे. इथे तिला घाई नसते.

गेल्या महिन्यात तो वरच्या बाजूला असायचा. मग तिच्या खडकापाशी. मग नदीच्या बाकापाशी. मी आलो की सुरू होतो आणि मी उठलो की थांबतो, हे मी तीनदा उठून, बसून तपासलं.

काल तो खिडकीच्या अगदी खाली होता. चहाच्या भांड्याचं झाकण थडथडत होतं, त्याचा काही आवाज येत नव्हता. मी कट्ट्यापासून हातभर मागे खुर्चीत बसलो होतो.

"पुढे," तो म्हणाला.

मी खुर्ची थोडी खिडकीकडे सरकवली. थोडा वेळ गेला. खाली बघितलं नाही.

"पुढे."

खूप मायेनं म्हणाला. मी पुन्हा सरकवली. खुर्ची आणि खिडकी यांच्यात आता एक वीत अंतर उरलंय.